अपडेटनंतर लॅपटॉपची बॅटरी भराभर उतरते? नवी बॅटरी घेण्याआधी हे करून बघा

मी हर्णै बंदरातल्या एका मच्छीमार सोसायटीचे हिशेब बघते. संध्याकाळच्या लिलावाला पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, टेबल टाकून बसायचं, कुठल्या बोटीच्या किती टोपल्या उतरल्या, पापलेट काय भावाला गेलं, कोळंबी काय भावाला गेली ते लॅपटॉपवर चढवायचं, त्यातून बर्फाची आणि डिझेलची उधारी वळती करायची. पुळणीवर प्लग नाही. बॅटरी चालेल तेवढंच काम. माझा लॅपटॉप चार वर्षांचा आहे, पण मे महिन्यापर्यंत तो भरल्या चार्जवर आरामात पाच तास चालायचा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत लॅपटॉप जवळजवळ कपाटातच होता. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या तेव्हा उघडला, तर साठून राहिलेले सगळे अपडेट एकदम आले. दुसऱ्या दिवशी लिलावाला बसले आणि पावणेदोन तासांत स्क्रीन काळी. समोर एका बोटीचे कप्तान, तांडेल काका, उभे. "काय गो बाय, माझा हिशोब ऱ्हायला ना!" उरलेल्या बोटी वहीवर लिहिल्या आणि रात्री घरी जाऊन पुन्हा चढवल्या.

दापोलीत एका दुकानात दाखवला. त्यांनी उघडूनही न बघता सांगितलं, बॅटरी गेली, बदला. मी बदलली नाही. आधी मोजून बघितलं आणि बॅटरीचा काही दोष नव्हता. आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर इथे गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. अशा ठिकाणी लॅपटॉपची बॅटरी म्हणजे जिव्हाळ्याची गोष्ट, म्हणून मी केलं ते सगळं नीट लिहिते. माझ्याकडे विंडोज ११ आहे, त्यामुळे बटणांची नावं त्यातली.

पहिले दोन दिवस काही करू नका

मोठा अपडेट बसला, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, म्हणजे काम संपलं असं आपल्याला वाटतं. पण आत खूप काही चालू असतं. विंडोज सगळ्या फाइलींची सूची नव्याने बनवते, अंगचा अँटिव्हायरस सगळं पुन्हा तपासतो, अ‍ॅप आपापले अपडेट ओढतात, वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची फाइली ऑनलाइन ठेवायची सोय) असेल तर ते फाइली जुळवत बसतं. ही सगळी कामं प्रोसेसर आणि डिस्कला राबवतात, आणि तेवढा वेळ बॅटरी भराभर उतरणारच.

चांगलं वायफाय आणि सलग लाईट असेल तर हे काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत संपतं. आपल्याकडे दोन्हींची खात्री नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अर्धा तास नेट, मग लॅपटॉप बंद, असं चाललं तर तेच काम आठवडाभर रेंगाळतं. म्हणून एक रात्र काढा. चार्जर लावा, नेट चालू ठेवा, सेटिंग्जमध्ये जाऊन चार्जरवर असताना लॅपटॉप झोपणार नाही असं करा आणि झाकण उघडं ठेवून सोडून द्या. सकाळी विंडोज अपडेट उघडून काही अडकलंय का बघा आणि 'रीस्टार्ट' करा. शट डाउन नव्हे, रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच वर येतो. अडकलेली गोष्ट तशीच परत येते. रीस्टार्टने सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

आता बॅटरी मोजा

दोन दिवसांनीही फरक पडला नाही, तर मग मोजायचं. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि याला एक पैसा लागत नाही.

स्टार्टमध्ये सी-एम-डी ही तीन अक्षरं टाइप करा. 'कमांड प्रॉम्प्ट' दिसेल, ते साधंच उघडा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून नको. काळ्या खिडकीत इंग्रजीत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी ही अक्षरं सलग लिहा, एक जागा सोडा, प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून 'बॅटरी' आणि 'रिपोर्ट' हे दोन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता लिहा. एंटर दाबलं की अहवाल कुठे ठेवला तो पत्ता तिथेच येतो, बहुधा तुमच्या नावाच्या फोल्डरचा. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते.

त्यात दोन आकडे शोधा. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे बॅटरी नवी असताना किती वीज धरणार होती, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज पूर्ण भरल्यावर किती धरते. माझे आकडे होते ४५,००० आणि ३८,२५० मिलिवॅट-अवर. म्हणजे चार वर्षं वापरूनही ८५ टक्के बॅटरी शाबूत. त्याच अहवालात खाली 'बॅटरी कपॅसिटी हिस्टरी' असते. तिथे जुन्या तारखांचे आकडे बघितले तर मे महिन्यात ३८,९०० च्या आसपास होते. दोन महिन्यांत किंचित उतार, अपडेटच्या दिवशी अचानक कोसळणं नाही.

आता साधा भागाकार. ३८ वॅट-अवर भागिले पाच तास, म्हणजे आधी लॅपटॉप साडेसात वॅटच्या आसपास खात होता. तेच ३८ भागिले पावणेदोन तास, म्हणजे आता जवळजवळ २२ वॅट. टाकी तेवढीच आहे, इंजिन तिप्पट डिझेल पितंय. आमच्या बंदरावर कुठल्याही नाखव्याला, म्हणजे बोटमालकाला, हे सांगितलं तर तो टाकी बदलायला जाणार नाही, इंजिन बघेल.

तुमचा दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर मात्र बॅटरी खरंच थकली आहे आणि अपडेट फक्त निमित्त झालं. आकडे बरे आहेत, पण चार्ज ४० टक्के दाखवत असतानाच लॅपटॉप बंद पडतो, असं असेल तर मोजणी चुकत असू शकते. एकदा १०० टक्के भरा, १० टक्क्यांपर्यंत उतरू द्या, पुन्हा पूर्ण भरा, मग परत अहवाल काढा.

कोण खातंय ते शोधा

सेटिंग्ज, सिस्टिम, मग 'पॉवर अँड बॅटरी'. तिथे 'बॅटरी युसेज'मध्ये गेल्या २४ तासांत किंवा सात दिवसांत कुठल्या अ‍ॅपने किती बॅटरी खाल्ली ते टक्क्यांत दिसतं. आपण जे वापरलंच नाही ते वर दिसलं तर तिथे संशय घ्या.

त्याहून स्पष्ट दिसतं ते टास्क मॅनेजरमध्ये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, सी-पी-यू (म्हणजे प्रोसेसर) या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करा, आणि हात बाजूला ठेवून पाच मिनिटं नुसतं बघत बसा. घाई करू नका. कोण मधूनच उसळतं आणि कोण सतत वर चिकटून राहतं, हे पाच मिनिटांत कळतं. 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल', 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' आणि 'सर्च इंडेक्सर' ही नावं दिसली तर बंद करायला जाऊ नका, ती विंडोजचीच कामं आहेत, त्यांना रात्रभर चार्जरवर उरकू द्या.

माझ्याकडे सगळ्यात वर होता ऑफिसातल्या प्रिंटरचा मदतनीस प्रोग्रॅम. काही न करता २५ ते ३० टक्के प्रोसेसर धरून बसलेला. अपडेटनंतर त्याचं जुनं रूप नव्या विंडोजशी जुळत नव्हतं, आणि पुळणीवर तर प्रिंटर नव्हताच, तो बिचारा सेकंदासेकंदाला त्याला शोधत होता. पंखा सतत का फिरतोय आणि लॅपटॉपची डावी बाजू का तापतेय, तेही मग समजलं. तो प्रोग्रॅम पूर्ण काढला, प्रिंटर बनवणाऱ्यांच्या साइटवरून नवा उतरवून बसवला, आणि टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप अ‍ॅप्स'मध्ये जाऊन आपोआप सुरू होण्यापासून थांबवला. छापायचं असेल तेव्हा मी तो उघडते.

ती यादी तुम्हीही बघाच. मीटिंगचे अ‍ॅप, गाण्यांचे अ‍ॅप, फोन जोडायचे अ‍ॅप, सगळे लॅपटॉप सुरू झाल्याबरोबर जागे होतात. ज्याची गरज नाही ते 'डिसेबल' करा, अ‍ॅप उडत नाही, फक्त आपोआप उठत नाही.

मोबाइलचं नेट वापरत असाल तर त्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग मागच्या बाजूने चालणारे बरेचसे डाउनलोड थांबतात. बॅटरीही वाचते, डेटाही.

बदललेल्या सेटिंग परत लावा

'पॉवर अँड बॅटरी'मध्ये 'पॉवर मोड' बघा. तो 'बेस्ट परफॉर्मन्स'वर गेला असेल तर बॅटरीवर असतानाचा 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी'वर आणा. हिशेब लिहायला तेवढा वेग पुष्कळ होतो. स्क्रीनचा रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, १२० किंवा त्याहून जास्त असेल तर 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये ६० करा.

ब्राइटनेस हा मोठ्या खर्चांपैकी एक आणि किनाऱ्यावर तो टळत नाही, उन्हात काही दिसतच नाही. मी टेबल वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत लावते आणि स्क्रीन समुद्राकडे तोंड करून ठेवत नाही, पाण्याची चमक थेट काचेवर येते. एवढ्याने ब्राइटनेस शंभरावरून साठावर आणता आला. काळ्या रंगाचा डार्क मोड लावून बॅटरी वाचेल असं बरेच जण सांगतात. ओएलईडी स्क्रीन असेल तर वाचते, साध्या एलसीडीत मागचा दिवा तसाच जळत राहतो.

झाकण लावल्यावरही उतरते का?

माझी ही दुसरी अडचण होती. ऑफिसात पूर्ण भरून, झाकण लावून, पिशवीत घालून दापोलीला स्कूटरवर नेला. बाहेर काढला तेव्हा पिशवी आतून कोमट आणि चार्ज ७८ टक्के. आजकालच्या अनेक लॅपटॉपची झोप मोबाइलसारखी असते, झाकण लावलं तरी नेट आणि अपडेट मध्ये मध्ये जागे होतात. बंद पिशवीतली ती ऊब लिथियमच्या बॅटरीला घातक आहे.

उपाय सोपा. कंट्रोल पॅनेल, 'पॉवर ऑप्शन्स', मग डावीकडे 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ'. तिथे बॅटरीसाठी 'स्लीप'च्या जागी 'हायबरनेट' निवडा. यादीत हायबरनेट नसेल तर वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' दाबून खाली त्याच्यावर टिक करा. हायबरनेटमध्ये उघडं काम डिस्कवर ठेवलं जातं आणि मशीन जवळजवळ पूर्ण बंद होतं. उघडायला थोडा जास्त वेळ लागतो, पण रात्री ठेवलेले ९६ टक्के सकाळी ९५ तरी असतात.

तरीही नाही जमलं तर

डिव्हाइस मॅनेजर उघडून 'डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स' बघा. तिथे ग्राफिक्सच्या खऱ्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्रॅम, बसलेला नाही आणि त्याचं काम प्रोसेसर ओढतोय. लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर बसवा. नवा ड्रायव्हर बसून त्रास सुरू झाला असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं.

त्या साइटवर बायोसचा, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, अपडेटही दिसेल. तो पावसाळ्यात, लाईट लपलप करत असताना कधीही करू नका. मध्येच वीज तुटली तर लॅपटॉप कायमचा बंद पडू शकतो. बॅटरी चांगली भरलेली, चार्जर लावलेला आणि शक्यतो मागे इन्व्हर्टर असेल तेव्हाच.

शेवटचा मार्ग म्हणजे अपडेट काढणं. विंडोज अपडेटच्या 'अपडेट हिस्टरी'त 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. पूर्ण नवी आवृत्ती बसली असेल तर 'रिकव्हरी'मधून मागे जायला साधारण १० दिवसांची मुदत असते. पण अपडेट कायमचे बंद करून बसू नका. आमच्या लॅपटॉपवर बोटमालकांचे आधार क्रमांक आहेत, बँकेचे खाते क्रमांक आहेत. ते उघड्यावर ठेवून बॅटरी वाचवण्यात अर्थ नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याही आकड्याआधी बघा. टचपॅड वर उचललं गेलंय, झाकण नीट बसत नाही, तळ फुगलाय, असं काही दिसलं तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, आणि ती जाणत्या माणसाकडूनच काढून घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

माझा लॅपटॉप आता साडेचार तास जातो. मे महिन्याएवढा नाही, पण संध्याकाळचा लिलाव पूर्ण निघतो आणि तांडेल काकांचा हिशोब पुळणीवरच हातात पडतो. पुढच्या वर्षी बंदी उठायची वाट बघणार नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, लाईट असेल त्या रात्री, लॅपटॉप घरच्या वायफायवर चार्जरला लावून ठेवायचा, सगळे अपडेट घेऊ द्यायचे आणि दोन दिवसांनी बॅटरीचा अहवाल काढून मेच्या आकड्याशेजारी वहीत लिहून ठेवायचा.