युव्हिआयटिसच्या डोळ्यातील मोतीबिंदू : शस्त्रक्रियेची तारीख देण्यापूर्वी

युव्हिआयटिसच्या (डोळ्याच्या आतील दाहाच्या) रुग्णाचा मोतीबिंदू प्रथमच हाती येतो, तेव्हा नवख्या डॉक्टरचे सगळे लक्ष आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) भिंगाला चिकटल्याने आक्रसलेल्या बाहुलीकडे जाते. माझेही तसेच होत असे. ती धास्ती सरावाने ओसरते, कारण चिकटलेली आयरिस व्हिस्कोइलास्टिकच्या (डोळ्यात भरायच्या दाट जेलच्या) आधाराने हलक्या हाताने सोडवता येते आणि तरीही बाहुली उघडली नाही, तर ती ताणून धरणारे आयरिस हुक किंवा माल्युगिन रिंग असतेच. मला खरोखर जेरीस आणले ते ओपीडीतल्या एका निर्णयाने: डोळा शांत आहे की नाही?

किमान तीन महिने दाह शांत असावा, हे सर्वांना पाठ असते. पण मोजायला सुरुवात कुठून करायची, हे क्वचितच कोणी बसवून शिकवते. लाली गेली, दुखणे थांबले, रुग्ण ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला, त्या दिवसापासून मुळीच नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सन’ (युव्हिआयटिसच्या नोंदींचे प्रमाणीकरण) वर्गीकरणानुसार, स्लिट लॅम्पच्या (डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या) एक मिलिमीटर लांब व तितक्याच रुंद झोतात डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात दाहाची एकही पेशी दिसत नसेल, तरच श्रेणी शून्य. एक ते पाच पेशी दिसल्या, तर ती अर्धी श्रेणी असते आणि तिला शांत डोळा म्हणता येत नाही. मोजणी शून्य श्रेणीच्या पहिल्या नोंदीपासून सुरू होते आणि मध्ये पेशी परतल्या की पुन्हा पहिल्यापासून. मेथोट्रेक्सेटसारख्या दाह दाबणाऱ्या नियमित औषधावर डोळा स्थिर असेल तर हरकत नाही. मात्र तासातासाला स्टिरॉइडचे थेंब घालून मिळवलेली स्वच्छता यात धरू नये.

पेशी पाहण्याचीही एक शिस्त आहे. बाहुली मोठी करणारे थेंब घालण्यापूर्वी पाहावे, कारण बाहुली उघडताना आयरिसचे रंगकण सुटतात आणि ते पेशींसारखे भासतात. फ्लुरेसिनही (तपासणीचा रंग) नंतरच वापरावे, कारण ते आत झिरपले की फ्लेअर (नेत्रजलातील प्रथिनांचा धूसरपणा) वाढल्यासारखा दिसतो. खोलीत अंधार हवा, झोत तिरपा आणि पूर्ण प्रखर हवा. ओपीडीचे दार सतत उघडत असते, रांगेतले नातेवाईक डोकावत असतात. तरीही दार लावून घ्यावे आणि आपली नजर अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. जे सर किंवा मॅडम तुम्हाला फेकोचे (मोतीबिंदू फोडून काढणाऱ्या यंत्राचे) हँडल देण्याआधी स्लिट लॅम्पशी बसवून पेशी मोजायला लावतात, त्यांना सोडू नका. आक्रसलेल्या बाहुलीचे व्हिडिओ पाहून आलेला आत्मविश्वास इथे कामाचा नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. पेशी नाहीत, पण फ्लेअर आहे, एवढ्यावरून शस्त्रक्रिया वर्षभर लांबवू नका. जुन्या दाहाने रक्त आणि नेत्रजल यांच्यातील अडसर कायमचा सैल झालेला असू शकतो. तो स्टिरॉइडने पूर्ववत होत नाही, उलट दाब वाढण्याची भीती असते. भिंगातील प्रथिने झिरपून उद्भवलेल्या दाहात तर मोतीबिंदू काढणे हाच उपचार असल्याने तीन महिन्यांची वाट पाहायची नसते.

फुक्स प्रकारच्या (सौम्य, रेंगाळणाऱ्या युव्हिआयटिसच्या) डोळ्याला घाबरू नका. आयरिस सहसा चिकटलेली नसते आणि निकाल बहुधा चांगला लागतो; पॅरासेंटेसिसनंतर (डोळ्याच्या कडेला छोटा छेद घेतल्यावर) छेदाच्या विरुद्ध बाजूने रक्ताची बारीक रेघ आली, तरी ती बहुतेक वेळा आपोआप थांबते. काचबिंदू मात्र तपासत राहावे.

मॅक्युलाला (डोळ्यामागील पडद्याच्या मध्यभागाला) पूर्वी सूज आलेली असेल, किंवा दाह डोळ्याच्या मागच्या भागात असेल, तर शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी तोंडावाटे प्रेडनिसोलोन, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम, सुरू करून नंतर हळूहळू कमी करतात. आपल्याकडे क्षयरोग इतका आढळतो की छातीचा एक्स-रे, मँटू (क्षयरोगाची त्वचाचाचणी) आणि रक्तशर्करा पाहिल्याशिवाय ही गोळी लिहिणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. ‘शेवटी डोळ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन टाका’ हा सल्लाही सरसकट घेऊ नका. टॉक्सोप्लाझ्मा किंवा हर्पिस असेल तर त्याने डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते.

भिंग हायड्रोफोबिक अॅक्रिलिकचे आणि कॅप्सूलच्या पिशवीतच बसवावे. जमेल तिथे मॅक्युलाचा ओसीटी (प्रकाशाने घेतलेला स्कॅन) आधी काढून ठेवावा आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करावा, कारण सुरुवातीला उत्तम आलेली नजर याच सुमारास सुजेने उतरू शकते. ही शक्यता तारीख देतानाच नातेवाइकांसमोर समजावून सांगावी आणि केसपेपरवर लिहून ठेवावी.