दूरच्या सर्व्हरवरील खगोलीय प्रतिमा घरच्या ब्राउझरमध्ये कशी पाहावी

रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तयार होणारा ‘क्यूब’ म्हणजे एकाच आकाशखंडाच्या निरनिराळ्या वारंवारितांवरील प्रतिमांची चळत. ही चळत दहा हजार गुणिले दहा हजार पिक्सेलांची आणि एक हजार चॅनेलांची, म्हणजे वारंवारितांची, असेल, तर पिक्सेलमागे चार बाइट धरून तिचा आकार ४०० जीबी होतो. सेकंदाला ५० मेगाबिट वेगाच्या घरगुती इंटरनेटवरून ती उतरवायला, जोडणी मधे एकदाही तुटली नाही तरी, सुमारे अठरा तास लागतील. आणि एवढा खटाटोप करून लॅपटॉपच्या पडद्यावर एका वेळी मावणार ते वीसेक लाख पिक्सेलच. म्हणून फाइल आहे तिथेच राहू द्यावी, आकडेमोड तिथल्या सर्व्हरकडून करून घ्यावी आणि पडद्याला पुरेल तेवढेच मागवावे.

या कामासाठी ‘कार्टा’ हे मोफत सॉफ्टवेअर आज सर्वांत सोयीचे आहे. तैवान, दक्षिण आफ्रिका, अमेरिका आणि कॅनडा येथील संस्थांनी मिळून ते विकसित केले आहे. त्याचे दोन भाग असतात. सर्व्हरवरचा भाग मोठी फाइल वाचतो, हव्या त्या चॅनेलचे २५६ गुणिले २५६ पिक्सेलांचे तुकडे कापतो आणि दाबून, म्हणजे आकार कमी करून, पाठवतो. ब्राउझरमधला भाग ते जुळवून त्यांना रंग देतो. रंग तुमच्याच संगणकावर चढत असल्यामुळे रंगपट्टी किंवा उजेडाची मर्यादा बदलताना सर्व्हरची वाट पाहावी लागत नाही. सर्व्हरवरच्या प्रोग्रामची आख्खी खिडकी दूरवरून आपल्या पडद्यावर ओढण्याची जुनी पद्धत इथेच अडखळते, कारण तिथे साध्या क्लिकलाही जाऊन-येऊन प्रवास घडतो.

सर्वप्रथम, ज्या सर्व्हरवर प्रतिमा आहे त्यावर तुमचे खाते आहे आणि कार्टा बसवलेले आहे, याची व्यवस्थापकाकडून खात्री करून घ्यावी. लिनक्ससाठी त्याची एकच फाइल डाउनलोड करून चालवता येईल अशी आवृत्ती मिळते, त्यामुळे ते स्वतः बसवणेही अवघड नाही. सरावासाठी हाताशी मोठा क्यूब नसेल, तर नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या आकाश सर्वेक्षणाच्या, सर्वांना खुल्या असलेल्या प्रतिमांपैकी एखादी सर्व्हरवर ठेवावी.

दुसरी पायरी फाइलच्या रचनेची आहे, आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते. खगोलशास्त्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या फिट्स फाइलमध्ये क्यूबचे आकडे सहसा एकेका चॅनेलच्या संपूर्ण प्रतिमेच्या क्रमाने मांडलेले असतात. त्यामुळे एक चॅनेल पाहणे सोपे जाते. पण आकाशातल्या एका बिंदूचा वर्णपट, म्हणजे वारंवारितेनुसार बदलणारी तीव्रता, हवा असेल, तर सर्व्हरला हजार पानी पुस्तकाच्या प्रत्येक पानावरचा एकेक शब्द वेचत सगळी फाइल पालथी घालावी लागते. यावर उपाय म्हणून ‘फिट्सटूइडिया’ नावाचे साधन वापरून फाइलची एचडीएफ५ या दुसऱ्या फाइल-प्रकारातील प्रत करावी. त्या प्रतीत मूळ मांडणीबरोबर वर्णपटाच्या दिशेने उलटवलेली मांडणी असते, शिवाय दुरून पाहण्यासाठी लहान केलेल्या प्रतिमाही आधीच तयार असतात. प्रत मूळ फाइलच्या दुपटीच्या आसपास जागा व्यापते आणि रूपांतराला मेमरीही बरीच लागते, म्हणून ते काम रात्री लावून द्यावे. साध्या द्विमितीय प्रतिमेसाठी मात्र हा व्याप करू नये.

आता एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षित प्रवेश देणाऱ्या सोयीने) सर्व्हरवर प्रवेश करून, ब्राउझर न उघडण्याचा पर्याय देऊन कार्टा सुरू करावे. ते टीमक्स या, काम मागे चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये सुरू केल्यास जोडणी तुटली तरी काम चालू राहते. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, एक पत्ता उमटतो आणि त्याच्या शेवटी टोकनची लांबलचक अक्षरमाळ असते. पत्त्यातील पोर्ट, म्हणजे यंत्रावरच्या जोडणीच्या दाराचा क्रमांक, बहुधा ३००२ असतो, पण त्याच यंत्रावर दुसरे कोणी आधीपासून काम करत असेल तर तुमच्या वाट्याला ३००३ किंवा पुढचा येतो, म्हणून आकडा गृहीत न धरता वाचून घ्यावा. मग आपल्या लॅपटॉपवर दुसरे टर्मिनल उघडून एसएसएचच्या पोर्ट पुढे पाठवण्याच्या सोयीने तोच पोर्ट लॅपटॉपच्या त्याच क्रमांकाच्या पोर्टशी जोडावा, आणि उमटलेल्या पत्त्यातील सर्व्हरच्या नावाजागी ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे आपलाच संगणक) लिहून तो टोकनसह ब्राउझरमध्ये उघडावा. हे टोकन म्हणजे तुमच्या खात्यातील फाइलींची किल्लीच असल्याने मदत मागतानासुद्धा पूर्ण पत्ता कोणाला पाठवू नये, आणि टोकनची तपासणी बंद करण्याचा पर्याय वापरू नये.

प्रतिमा उघडली की बहुतेक वेळा ती काळपट दिसते, कारण एखाद-दुसरा प्रखर स्रोत सगळी रंगपट्टी खाऊन टाकतो. अशा वेळी हिस्टोग्रामशेजारी, म्हणजे पिक्सेलांच्या मूल्यांच्या आलेखाशेजारी, टक्केवारीची मर्यादा ९९.९ वरून ९९.५ किंवा ९९ करून पाहावी.

दुरून दिसणाऱ्या चित्रावर मात्र पूर्ण विसंबू नये. पूर्ण प्रतिमा पडद्यावर मावते तेव्हा शेजारचे अनेक पिक्सेल मिळून सरासरीने एक झालेले असतात, त्यामुळे बारीक आणि मंद स्रोत गोंगाटात विरून जातात. शिवाय प्रतिमा दाबून पाठवताना थोडी अचूकताही कमी होते. दाबण्याची गुणवत्ता सेटिंगमधून वाढवता येते, परंतु मोजमापाचा खरा मार्ग वेगळाच आहे. स्रोताभोवती वर्तुळ किंवा चौकट आखून सांख्यिकी मागवावी, म्हणजे सर्व्हर मूळ फाइलमधील पूर्ण आकडे वापरून उत्तर देतो. चौकटीचा वर्णपटही तिथेच काढला जातो आणि हळूहळू भरत येतो. तो पूर्ण होईपर्यंत शिखराची उंची टिपू नये.

काम संपल्यावर हवा तो भाग आणि हव्या त्या चॅनेलांची मर्यादा ठरवून त्यांची छोटी फाइल सर्व्हरवरच जतन करावी आणि तेवढीच घरी उतरवावी. ब्राउझरमधून साठवलेले चित्र लेखात किंवा सादरीकरणात वापरायला चालते, पण त्यातून आकडे काढता येत नाहीत. शेवटी टॅब बंद करून थांबू नये, टर्मिनलवरचे कार्टाही बंद करावे, नाहीतर ते सामायिक यंत्राची मेमरी अडवून बसते आणि सकाळी व्यवस्थापकाचा निरोप येतो.