विंडोज ११ वरून विंडोज १० वर परत जाताना

नवा लॅपटॉप घेतला आणि जुने काम बंद पडले, ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी भागात छापखानेवाल्यांकडून वारंवार ऐकू येते. इथली लग्नपत्रिका पुष्कळदा एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड अशी छापली जाते. तिचा मजकूर कित्येक वर्षांपासून पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडच्या (आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-संकेताच्या) आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला असतो, आणि ते फॉन्ट चालवणारे सॉफ्टवेअर एखाद्या यूएसबी डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याची किल्ली असलेल्या छोट्या उपकरणाशिवाय, उघडत नाही. विंडोज ११ च्या लॅपटॉपला तो डोंगल लावला की त्याचा दिवा लागतो, पण सॉफ्टवेअर मात्र डोंगल सापडत नसल्याचे सांगून बंद होते. मग शेजारच्या दुकानातून सल्ला येतो, "दहा टाकून घ्या."

दहा टाकता येते. एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर प्रत्यक्ष टाकण्याचे काम तासाभरात उरकते. खरा वेळ तयारीला लागतो, आणि जे नुकसान व्हायचे तेही तयारी अर्धवट राहिल्यामुळेच होते. म्हणून या लेखाचा मोठा भाग तयारीवरच खर्च केला आहे.

मागे जाण्याची गरज आहे का?

जुना डोंगल किंवा जुना प्रिंटर न चालण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षा सोय. विंडोज ११ सह येणाऱ्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर ती सुरूच असते आणि तिच्या कसोटीला न उतरणारे जुने ड्रायव्हर (विंडोजला एखादे उपकरण वापरता यावे म्हणून लागणारे छोटे प्रोग्राम) ती चालूच होऊ देत नाही. विंडोज सिक्युरिटी उघडून डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, असे गेल्यावर तिचे बटण दिसते. ते बंद करून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा आणि डोंगल लावून पाहावा. यामुळे संरक्षण थोडे कमी होते हे खरे, परंतु आधार संपलेल्या, म्हणजे कंपनीने नेहमीची अपडेट देणे थांबवलेल्या, प्रणालीवर जाण्यापेक्षा ही तडजोड मला बरी वाटते. माझ्याकडे आलेल्या अशा कामांपैकी काही इथेच मिटली आणि लॅपटॉप पुसावा लागला नाही.

दुसरी शक्यता अशी की सॉफ्टवेअर, किंवा निदान त्याचा इन्स्टॉलर, सोळा बिटांचा आहे. असे प्रोग्राम केवळ ३२ बिट विंडोजवर चालतात. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. विंडोज १० ची आहे, पण आजच्या लॅपटॉपवर ती बसवण्याच्या नादाला लागू नये, कारण ती चार जीबीपेक्षा जास्त रॅम वापरू देत नाही आणि तिचे ड्रायव्हर मिळत नाहीत. ६४ बिट विंडोज १० टाकून तर या अडचणीत काहीच फरक पडत नाही. अशा कामासाठी जुना डेस्कटॉप इंटरनेटपासून तोडून कोपऱ्यात चालू ठेवावा. विंडोज ७ चा हट्टही सोडावा: तिच्या मूळ प्रतीत यूएसबी ३ आणि एनव्हीएमई डिस्कचे ड्रायव्हर नसल्यामुळे नव्या लॅपटॉपवर इन्स्टॉलेशनच्या पहिल्याच पडद्यावर माउस आणि डिस्क दोन्ही गायब असतात.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही लक्षात घ्यावे. वैयक्तिक वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची असून तिच्यासाठी २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते. पत्रिका जुळवण्याच्या लॅपटॉपला हे चालून जाईल. ज्यावर सोसायटीचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार होतात तो लॅपटॉप मागे नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुसल्याशिवाय परतण्याची वाट

लॅपटॉप मुळात विंडोज १० चा असून नुकताच ११ वर अपग्रेड झाला असेल, तर सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग रिकव्हरी, आणि तिथे गो बॅक हे बटण पाहावे. ही सोय अपग्रेडनंतर दहा दिवसच राहते. जागा मोकळी करण्यासाठी कोणी जुन्या विंडोजच्या फाइली काढून टाकल्या असतील तर ती त्याआधीच जाते. आपल्या फाइली तशाच राहतात, मात्र अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम पुन्हा टाकावे लागतात. लॅपटॉप विंडोज ११ सहच विकत घेतला असेल तर हे बटण चालत नाही आणि पुढचा लांबचा मार्ग धरावा लागतो.

तयारी

सर्वांत आधी एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या मजकुराला लागलेले कुलूप, पाहावे. ही गोष्ट मी माझ्या चुकीतून शिकलो. शहापूरमधल्या एका ओळखीच्या छापखान्याच्या लॅपटॉपवर सगळे काम डी ड्राइव्हमध्ये होते, म्हणून मी फक्त सी पुसून तिथे विंडोज १० टाकले. नवी विंडोज नीट सुरू झाली; डी वर क्लिक केल्यावर मात्र कुलपाचे चित्र आले आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते, आणि ते खाते मालकाचे नव्हतेच. लॅपटॉप विकताना दुकानातल्या मुलाने स्वतःच घाईत एक ईमेल बनवून पहिली मांडणी उरकली होती, आणि तो ईमेल आता कोणालाच आठवत नव्हता. डी मधले काम गेले ते गेलेच.

तेव्हा सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू आहे का ते पाहावे आणि असल्यास ते बंद करून डिस्क पूर्ण उघडी होईपर्यंत थांबावे. प्रो आवृत्तीत हेच काम बिटलॉकर या विंडोजच्याच एन्क्रिप्शनच्या पानावरून करावे. लॅपटॉपवर कोणाचे खाते आहे तेही त्याच बैठकीत तपासावे. इतके करूनही डी वर विसंबू नये. सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि दुसऱ्या संगणकावर दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात.

प्रत घेताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स कोणी विसरत नाही. विसरतात ते फॉन्ट. फॉन्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये असतात आणि सी बरोबरच पुसले जातात. जुन्या फॉन्टमधल्या फाइलीत मराठी अक्षरे खऱ्या अर्थाने नसतातच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणे बसवलेली असतात. त्यामुळे फॉन्ट नसला की पत्रिकेवरील वधू-वरांच्या नावांऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. कन्नड बाजूसाठी नुडी किंवा बरहा या कन्नड सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट वापरले असतील तर तेही असेच उचलावे लागतात. संपूर्ण फॉन्ट फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतलेला उत्तम. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर असेल तर तिच्या डेटाचा बॅकअप घ्यावा आणि पुसण्यापूर्वी तिचा परवाना टॅलीतूनच सरेंडर करावा.

यानंतर ड्रायव्हर. लॅपटॉपच्या मागच्या बाजूचा मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलसाठी विंडोज १० चे ड्रायव्हर आहेत का ते पाहावे. नसतील तर इथेच थांबावे, कारण आवाज, टचपॅड किंवा वायफाय यांपैकी काहीतरी कायमचे अडून बसण्याचा धोका असतो. असल्यास वायफायचा आणि स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर व्हीएमडी नावाची डिस्क हाताळण्याची मांडणी असते आणि तिचा ड्रायव्हर दिला नाही तर विंडोज १० च्या इन्स्टॉलेशनला डिस्कच दिसत नाही. ही फाइल झिप स्वरूपात न ठेवता उघडून, फोल्डर म्हणून पेन ड्राइव्हवर ठेवावी.

पेन ड्राइव्ह दोन घ्याव्यात. एकीवर विंडोज ११ ची रिकव्हरी ड्राइव्ह बनवावी, म्हणजे बेत फसला तर परतीची वाट राहते. तिच्यासाठी ३२ जीबीची घेतलेली बरी. दुसरी किमान ८ जीबीची असावी. तिच्यावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील विंडोज १० च्या मीडिया क्रिएशन टूलने इन्स्टॉलेशन उतरवावे. तिच्यावर आधी असलेले सगळे पुसले जाते. टूलमध्ये ६४ बिट निवडावे. उतरवायची फाइल कित्येक जीबींची असल्याने जांबोटी-कणकुंबीकडच्या मंडळींनी मोबाइलच्या नेटवर रात्रभर वाट पाहण्यापेक्षा बेळगावात कोणाकडे फायबर असेल तिथून ती करून आणावी. इतर कोणी दिलेली "सर्व आवृत्त्या, ॲक्टिव्हेशनसह" अशी पेन ड्राइव्ह मात्र घेऊ नये.

प्रत्यक्ष काम

पावसाळ्यात खानापूर तालुक्यात करंट कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे बॅटरी पूर्ण भरलेली असावी, आणि ती थकलेली असेल तर लॅपटॉप इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावून मगच सुरुवात करावी.

पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबत राहावी: डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप. सिक्युअर बूट बंद करण्याची गरज नाही आणि बायोसमधली (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमधली) यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत बदलून जुनी लेगसीही करू नये. मेनूतून पेन ड्राइव्ह निवडल्यावर विंडोजचा निळसर जांभळा पडदा येतो. तिथे वेळ आणि चलनासाठी इंग्लिश (इंडिया) निवडावे, प्रॉडक्ट की मागितल्यास की नसल्याचा पर्याय घ्यावा आणि आवृत्ती विचारल्यास पूर्वी जी होती तीच, म्हणजे होमला होम आणि प्रोला प्रो, निवडावी. आवृत्ती बदलली तर लॅपटॉपचा डिजिटल परवाना लागू होत नाही. पुढे कस्टम हा पर्याय घ्यावा.

आता डिस्कची यादी समोर येते. ती रिकामी असेल तर घाबरू नये; लोड ड्रायव्हरवर क्लिक करून स्टोरेजचा फोल्डर दाखवावा, यादी भरते. या पडद्यावर मात्र घाई करू नये. प्रत्येक ओळीचा आकार वाचावा, कारण बाहेरची हार्ड डिस्क चुकून लावलेली राहिली असेल तर तीही याच यादीत असते. ती आधीच काढून ठेवलेली असावी. लॅपटॉपच्या डिस्कवरील शंभर-दोनशे एमबीचे सिस्टीमचे छोटे भाग, रिकव्हरी आणि जुना सी हे डिलीट करून तयार होणाऱ्या मोकळ्या जागेवर नेक्स्ट दाबावे. पुढे लॅपटॉप आपणहून दोन-तीनदा बंद-चालू होतो. पहिल्यांदा बंद झाल्यावर पेन ड्राइव्ह काढावी, नाहीतर कधी कधी तोच सगळा प्रकार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

पहिल्या मांडणीत इंटरनेट नसल्याचा पर्याय घेतला की मालकाच्या नावाचे साधे खाते बनवता येते.

नंतरची जुळवाजुळव

वायफायचा ड्रायव्हर टाकावा. तो चुकला असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे, त्यावरही काम भागते. मग विंडोज अपडेट नवे काही मिळेनासे होईपर्यंत चालवावे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण कुठे उरली आहे का ते पाहावे आणि ॲक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल परवान्याने सक्रिय झाल्याचे वाचून घ्यावे. भाषांच्या यादीत मराठी आणि कन्नड दोन्ही जोडावे; विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून त्यांत अदलाबदल करता येते. अपडेटच्या पानावर विंडोज ११ घेण्याचे आमंत्रण पुन्हा दिसू लागेल, तिथे सध्या दहावरच राहण्याचा पर्याय निवडावा. प्रो आवृत्ती असल्यास ग्रुप पॉलिसीत विंडोज १०, २२एच२ असे लक्ष्य ठरवून देता येते आणि मग हे आमंत्रण येत नाही.

पेजमेकर उघडण्याच्या आधी जुने सगळे फॉन्ट परत बसवावेत. फॉन्ट नसताना फाइल उघडली तर पेजमेकर त्यांच्या जागी दुसरे फॉन्ट सुचवणारी चौकट दाखवतो. ती आल्यास फाइल जतन न करता बंद करावी. फॉन्ट बसल्यावर डोंगलचा ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर टाकून एखादी जुनी दोन भाषांची पत्रिका छापून पाहावी. पडद्यावर सगळे बरोबर दिसत असतानाही कागदावर "र्‍हा", "श्र", "द्य" यांसारखी जोडाक्षरे आणि कन्नडमधले ओत्तक्षर (अक्षराखाली लिहिले जाणारे जोडाक्षराचे रूप) निसटलेले असू शकतात. जुनी छापील पत्रिका शेजारी ठेवून दोन्ही ओळीओळीने ताडून पाहाव्यात, आणि बाहेरच्या डिस्कवरील प्रत तोवर कोणालाही वापरायला देऊ नये.