घरच्या प्रीॲम्पमधला दोष शोधताना: आधी सप्लाय, मग आयसी

प्रीॲम्प म्हणजे मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधी सिग्नल वाढवणारं सर्किट. त्यातला एनई५५३२ (आठ पिनांचा, दोन ऑप-ॲम्प असलेला आयसी) सॉकेटमधून काढून ठेवा, मगच सप्लाय द्या. मीटरची काळी प्रोब ग्राउंडला. ८ नंबरच्या पिनवर +१५ आणि ४ नंबरच्या पिनवर −१५ व्होल्ट मिळायला हवेत. उणे बाजू गायब असेल तर ७९१५ (−१५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) कसा जोडलाय ते बघा. +१५ देणाऱ्या ७८१५च्या पिना इनपुट, ग्राउंड, आउटपुट अशा असतात. ७९१५च्या ग्राउंड, इनपुट, आउटपुट. शिवाय त्याचा पत्रा इनपुटला जोडलेला असतो, ७८१५चा ग्राउंडला. म्हणून दोघांना एकाच हीटसिंकवर अभ्रकाच्या इन्सुलेटर चकतीशिवाय बसवलं की थेट शॉर्ट! ही चूक बऱ्याचदा होते.

सप्लाय बंद करा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या, मग आयसी बसवा. इनपुट ग्राउंडला जोडून १ आणि ७ नंबरच्या पिनांवर, म्हणजे आयसीच्या दोन आउटपुटवर, डीसी मोजा. थोडे मिलिव्होल्ट चालतील. १३-१४ व्होल्ट दिसले तर फीडबॅकचा (आउटपुटकडून − इनपुटकडे जाणारा) रेझिस्टर सुटलाय किंवा + इनपुटचा ग्राउंडकडे जाणारा रेझिस्टर, बहुधा ४७ के (किलो-ओहम), लागलेलाच नाही. आयसीला दोष शेवटी द्या.

पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण) फिरवताना खरखर येते? पॉटवर डीसी मोजा. आढळला तर कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) गळतोय. पॉटच्या दांड्याला हात लावल्यावर हम (सतत येणारी घुंऽऽ) कमी झाला, तर पॉटची बॉडी ग्राउंड करा. हात लावूनही फरक नसेल तर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर तपासा.

नाशिकच्या पावसाळी दमट हवेत फ्लक्स (सोल्डरिंगचं चिकट रसायन) राहिलेला बोर्ड कुरकुरू शकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने तो नीट धुवा.