जागा आधीच ठरलेली असते तेव्हा... नोकरी शोधताना या चुका टाळा

अर्धा दिवस रजा टाकून अंबडला किंवा सातपूरला मुलाखतीला जावं, आणि रिसेप्शनवर बसल्या बसल्याच कानावर यावं की 'ती जागा तर आतल्याच माणसाची आहे'. नाशिकमध्ये नोकरी शोधणाऱ्या अनेकांच्या वाट्याला हे आलेलं आहे. राग येतो आणि तो रास्त आहे. पण त्या रागात आपण जे करतो, त्याचा तोटा बहुतेक वेळा आपल्यालाच होतो.

मग जाहिरात देतातच कशाला? खाजगी कंपनीत आतल्या माणसाला बढती देण्यात बेकायदा काही नाही. पण अनेक कंपन्यांच्या एचआर पॉलिसीत बाहेर जाहिरात देणं आणि दोन-तीन उमेदवारांच्या मुलाखतींची नोंद ठेवणं बसतं, आणि ऑडिटला ती फाइल दाखवावी लागते. सरकारी नोकरीत राज्यघटनेच्या कलम 16 नुसार सर्वांना समान संधी द्यावी लागते. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी प्रकरणात सांगितलं की जाहिरात आणि खुली स्पर्धा टाळून केलेली भरती चालणार नाही, आणि केवळ हंगामी म्हणून वर्षानुवर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. महाविद्यालयांतही प्राध्यापकाची जागा जाहिरातीशिवाय भरता येत नाही. त्या जागेकडे तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात शिकवणारे कुणीतरी डोळे लावून बसलेले असतात. त्यांचं दुखणंही खोटं नाही.

चूक: जाहिरात वरवर वाचणे

समजा, 'क्वालिटी इंजिनिअर पाहिजे' अशी जाहिरात आहे. डिप्लोमा मेकॅनिकल, अनुभव 4 ते 5 वर्षे. इथवर नेहमीचं. पुढे लिहिलंय: रोबोटिक वेल्डिंग लाइनवर काम केलेलं असावं, अमुकच ग्राहकाची ऑडिट हाताळलेली असावीत, सॅप या सॉफ्टवेअरचं क्वालिटी मॉड्यूल यावं, डिग्रीवाल्यांनी अर्ज करू नये. अर्जाला मुदत तीन दिवस. ही पात्रतेची यादी राहत नाही, हा कुणाचा तरी बायोडाटाच झाला. अर्थात एखाद्या अटीवरून निष्कर्ष काढू नका, रोबोटिक वेल्डिंगचा माणूस खरोखरच हवा असू शकतो. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर मात्र त्या अर्जावर आठवडा घालवू नका. एक नीट बायोडाटा पाठवा आणि पुढच्या जाहिरातीकडे वळा.

याच्या उलट चूकही होते. 'सगळं फिक्सच असतं' म्हणत काही जण अर्जच करत नाहीत, आणि खरोखर मोकळ्या असलेल्या जागाही हातच्या घालवतात.

चूक: फोनवर न विचारणे

एचआरचा फोन आला की आपण फक्त वेळ आणि पत्ता लिहून घेतो. 'जागा ठरलेली आहे का?' असं थेट विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. त्याऐवजी विचारा, 'मॅडम, ही पोस्ट नवीन आहे की कुणी सोडल्यामुळे रिकामी झाली? सध्या चार्ज कुणाकडे आहे?' 'आमचेच एक जण वर्षभर सांभाळताहेत' असं उत्तर आलं, तर अंदाज घ्या. जायचं की नाही हे मग तुम्ही ठरवा, पण ठाऊक असताना जा.

चूक: कळल्यावर मुलाखत उरकून टाकणे, किंवा वाद घालणे

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. पगार, नोटीस पिरियड, कधी जॉइन होणार, यातलं काहीच विचारत नाहीत म्हटल्यावर उमेदवाराचा सूर उतरतो. पण आतला माणूस वर गेला की त्याची खालची जागा मोकळी होते. सिनिअर इंजिनिअर असिस्टंट मॅनेजर झाला, तर त्याच्या लाइनवर कुणीतरी लागणारच, आणि ती जागा भरायला समोर बसलेलेच प्रॉडक्शन हेड असतील. म्हणून मुलाखत मन लावून द्या. निघताना सांगा, 'सर, या पोस्टला नाही जमलं तरी तुमच्या डिपार्टमेंटमध्ये काम करायला आवडेल. खालची जागा निघाली तर जरूर कळवा.' तीन-चार आठवड्यांनी एक मेल टाका. नकार कळवणाऱ्या एचआरलाच टाका, तो पत्ता चालू असतो.

शिवाय आपलं औद्योगिक वर्तुळ लहान आहे. सातपूरचा एचआर दोन वर्षांनी गोंद्यात किंवा सिन्नरला भेटतो. मुलाखतीत केलेली वादावादी त्याच्या लक्षात राहते.

चूक: सरकारी भरतीत नुसतं चडफडत बसणे

सरकारी कार्यालयात किंवा अनुदानित संस्थेत जाहिरात दिलेली असेल, तर तुमच्याकडे साधन आहे. जाहिरातीचं कात्रण, अर्जाची पोच, हॉल तिकीट जपून ठेवा. माहिती अधिकार कायदा 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून स्वतःचे गुण, निवडीचे निकष आणि निवड यादी मागा. उत्तर 30 दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील करा. इतरांचे वैयक्तिक तपशील नाकारले जाऊ शकतात. निकषांवर मात्र आग्रह धरा.

चूक: 'सेटिंग करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देणे

जागा ठरलेली असेल तर तो ती तुम्हाला देऊ शकत नाही, आणि ठरलेली नसेल तर ती विकण्याचा अधिकार त्याला नाही. सरकारी नोकरीसाठी लाच देणंही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. शेत गहाण टाकून पैसे देऊ नका, 'ओळखीतला आहे' म्हणूनही नाही.

चूक: ऑफर लेटर हातात येण्याआधी राजीनामा देणे

'तुमचं जवळपास झालंच' हे तोंडी बोलणं असतं. मेलवर पत्र येईपर्यंत आहे ती नोकरी धरून ठेवा.

एचआरमधल्या मंडळींना मात्र एक मागणं आहे. 'अंतर्गत उमेदवारांचाही विचार होईल' ही एक ओळ जाहिरातीत टाका. दिंडोरीहून किंवा घोटीहून खाडा करून येणाऱ्या माणसाला ती आधी वाचायला मिळाली पाहिजे.