दत्तक लेकराच्या नावाची फरशी करून घेताना

पणजीत फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या घरांवर असते तशी हाताने रंगवलेली आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीची चकचकीत फरशी दारावरच्या नावासाठी देखणी दिसते. पण घाई नको. आता दत्तक आदेश जिल्हाधिकारी देतात, त्यावरून जन्मदाखला निघतो. दाखल्यावर नाव ऱ्हस्व-दीर्घासकट पक्कं झालं की मगच ऑर्डर द्या. भट्टीतून निघालेल्या फरशीवर खाडाखोड होत नाही.

कारागिराला आधी विचारा, रंग भट्टीत भाजणार की तयार टाइलवर नुसता वरून मारणार? वरून मारलेला रंग आपल्या पावसाळ्यात टिकत नाही. कागदावर मूळ आकाराचं रेखाटन मागा. नाव दोन फरशांवर जात असेल तर सांधा दोन अक्षरांच्या मधे हवा. तो वेलांटीवर किंवा रफारावर आला की सिमेंटची रेघ अक्षरालाच चिरते.

संस्थेत ठेवलेल्या नावाने मूल ओ देत असेल तर ते गाळू नका. नव्या नावाशेजारी बारीक अक्षरांत घ्या. चित्र काय हवं हे मोठ्या मुलाला स्वतःलाच सांगू दे. फेरीबोट म्हणालं तर फेरीबोट! 'दत्तक' हा शब्द किंवा घरी आल्याची तारीख दारावर मात्र नको, ती गोष्ट कुणाला सांगायची हे त्याचं ते ठरवेल. तारीख हवीच तर फरशीच्या पाठीमागे लिहून घ्या आणि फरशी भिंतीत न चिणता लाकडी चौकटीत बसवा. घर बदललं तरी सोबत नेता येते.