कांगारूपासून मेथी वाचवायची तर

कॅनबेरात घरामागे भाजी लावणार असाल, तर आधी कुंपण, मग बी. इथला करडा कांगारू मनात आणलं तर कमरेएवढी जाळी सहज ओलांडतो, म्हणून उंची १.८ मीटर धरा. लाल कांगारू भरधाव असताना एका उडीत आठेक मीटर जातो हे खरं, पण तो कोरड्या अंतर्भागातला. शिवाय ती झाली लांबी. कुंपणाला उंचीशी मतलब.

खरी मेख खाली आहे. उडी मारण्यापेक्षा जाळीखालून घुसणं त्याला सोपं पडतं. जाळीचा तळ बाहेरच्या बाजूला ३० सेंटिमीटर जमिनीवर वळवा आणि खुंट्या ठोका. वर काटेरी तार मुळीच नको. पाय अडकून बिचारं जनावर हकनाक मरतं.

मग कुंपणाबाहेरची माती भुसभुशीत करून ठेवा आणि सकाळी बघा. मागच्या पायांचे लांबट ठसे जोडीनं, दोन जोड्यांत मोठं अंतर: उड्या मारत निघून गेला. सोबत पुढच्या पंजांचे ठसे, शेपटीची रेघ: निवांत चरत होता, तुमच्या मेथीवर डोळा ठेवून! अशा वेळी फाटकाखालची फट आधी बुजवा.